घमेलं कुठे रिकामं केलं

मुरुड म्हटलं की पुण्या-मुंबईच्या वाचकाला जंजिरा आठवतो. हे मुरुड वेगळं. लातूर तालुक्यातलं, लातूर-बार्शी रस्त्यावरचं, बाजारपेठेचं मोठं गाव. अशा गावात एखाद्या गल्लीचा सिमेंट रस्ता मंजूर झाला की पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. आधी जेसीबी येऊन जुना रस्ता उकरतो. निघालेला मलबा टिप्पर येईपर्यंत कडेला ओढून ठेवतात. मग खडी येते, कच येते, सिमेंटच्या गोण्या येतात, त्याही कडेलाच. आता गल्लीची कडा म्हणजे काय? घराचा ओटा आणि ओट्याच्या पायथ्याशी नाली. म्हणजे ढीग बसतो तो नालीच्या तोंडावरच. संध्याकाळी मिक्सर धुतात. ते राखाडी, ताकासारखं दाटसर पाणी उतार शोधत नालीत उतरतं. ओतलेल्या काँक्रीटवर ओले बारदाने पसरून दिवसातून दोन-तीनदा पाणी मारतात आणि दर वेळी त्या पाण्याबरोबर ढिगाचा पायथा थोडा थोडा सरकतो. शेवटच्या दिवशी उरलंसुरलं खोऱ्यानं लोटायचं असतं, तेव्हा हाताशी सर्वांत जवळचा खड्डा नालीचाच असतो. नाली बुजवायची असं कुणीच ठरवलेलं नसतं. रस्ता तयार होतो, नारळ फुटतो, फोटो निघतो. मृगात पहिला जोराचा पाऊस येतो आणि गल्लीच्या उतरत्या टोकाला जी दोन-चार घरं असतात त्यांच्या चुलीपर्यंत पाणी जातं.

याला आपण निकृष्ट काम म्हणतो, हलगर्जी म्हणतो, गुत्तेदाराच्या नावानं बोटं मोडतो. इथे प्रश्न निराळा विचारायचा आहे. हे पाप आहे का? असेल तर ते कुणाचं? शब्द मुद्दाम जड वापरला आहे. ज्या गावात सप्ताह बसतो, पारायण होतं, उरूस भरतो, वंदना होते, तिथे पाप-पुण्याची भाषा अजून मेलेली नाही. ती फक्त काही विषयांपुरती राखून ठेवली आहे. खाणंपिणं, सोवळंओवळं, उपासतापास यांच्यापर्यंत ती पोचते आणि ओट्याखालच्या नालीशी येऊन थांबते. माझं म्हणणं एवढंच आहे की हे थांबणं आपल्या परंपरांना धरून नाही. उचललेली वस्तू नीट जागी ठेवली जाईपर्यंत उचलणारा तिच्याशी बांधलेला असतो, हा विचार इथल्या जवळजवळ प्रत्येक धर्मधारेत आहे आणि काही ठिकाणी तर तो अचंबा वाटावा इतक्या बारकाईनं आहे.

आधी नालीत काय होतं ते पाहू. त्याशिवाय पापाची चर्चा हवेत राहील. पाणी आलं की सगळं वाहून जाईल, हा सर्वांत मोठा गैरसमज. माती थोडीफार वाहते. सिमेंट वाहत नाही. सिमेंट घट्ट होतं तेच पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे, म्हणून ते पाण्याखालीसुद्धा दगड बनतं. मिक्सरचं धुवण नालीत सोडणारा माणूस नालीच्या तळाला नकळत एक नवा कोबा घालत असतो. खडीची गोष्ट आणखी निराळी. ती तळाशी अडून बसते, तिच्यात प्लास्टिकची पिशवी अडकते, पिशवीत गाळ अडकतो. आणि नुकसान भरावाच्या प्रमाणात होत नाही, त्याहून जास्त होतं. दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल नाली एक फूट भरली, तर तिची पाणी वाहून नेण्याची ताकद अर्ध्यावर येत नाही. उतार तोच धरून हिशेब मांडला तर ती सुमारे ४३ टक्क्यांवर येते. जागा निम्मी होतेच, शिवाय उरलेल्या पाण्याला तळाचं आणि भिंतींचं घर्षण तुलनेनं जास्त लागतं. तळ खडबडीत झाल्यामुळे आणखी जे घटतं ते वेगळंच. उन्हाळ्यात हे कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण न्हाणीघराचं सांडपाणी तेवढ्या फटीतून जात असतं. जे पाणी अडून राहतं त्यात डासाची अंडी घातली गेली, तर आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होऊन उडतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं आरोग्य खातं सांगतं, ते याच हिशेबानं. घरातली भांडी कोरडी करता येतात. ढाप्याखालची नाली कोरडी करायची तर आधी ती वाहती हवी.

पहिली हरकत अशी की हे सगळं खरं असलं तरी ते धर्माचं क्षेत्रच नाही. ग्रामपंचायतीचं आहे, बांधकाम खात्याचं आहे. एवढ्यातेवढ्याला धर्म कशाला मध्ये आणायचा? पण एवढ्यातेवढ्यातच धर्म पाहण्याची आपली रीत फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या कारभाराचं प्रकरण आहे. तिथे रस्त्यात माती-धूळ टाकणाऱ्याला पणाचा आठवा भाग दंड सांगितला आहे आणि चिखलपाणी तुंबवणाऱ्याला पणाचा चौथा भाग. राजमार्गावर हेच केलं तर दंड दुप्पट. या दोन आकड्यांमधला फरक पाहण्याजोगा आहे. माती टाकणं हा गुन्हा, पण त्या मातीनं पाणी अडणं हा दुप्पट गुन्हा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या ग्रंथकाराला घाण आणि तुंबणं यांतला भेद कळला होता. आपल्याकडे २९ मार्च २०१६ रोजी बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे नियम निघाले. असा कचरा नाल्यांना, रहदारीला अडथळा होईल अशा तऱ्हेनं टाकायचा नाही, ही जबाबदारी त्यांत कचरा निर्माण करणाऱ्यावर टाकली आहे. २०२५ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम अधिसूचित झाले. कायदा तेव्हाही होता, आजही आहे. इस्लामी परंपरेतही एक हदीस प्रसिद्ध आहे. इमानाच्या साठ-सत्तराहून अधिक शाखा आहेत आणि वाटेतली इजा करणारी वस्तू दूर करणं ही त्यांतली सर्वांत खालची, असा तिचा आशय. खालची आहे, पण इमानाच्या आतली आहे, बाहेरची नव्हे. वाटेतला दगड उचलणं इमानात मोडत असेल, तर वाटेत दगड टाकून निघून जाणं कशात मोडेल हे समजायला मौलवींकडे जावं लागणार नाही.

धर्मशास्त्राचा दाखला द्यायचा तर मनुस्मृतीचं नाव येतं, आणि मराठवाड्यात ते नुसतं घेऊन पुढे जाता येत नाही, जाऊही नये. नवव्या अध्यायात, अडचण नसताना राजमार्गावर घाण टाकणाऱ्यानं दोन कार्षापण दंड भरावा आणि ती घाण लगेच स्वतः साफ करावी असं सांगितलं आहे. त्यालाच लागून पुढचा भाग आहे: संकटात सापडलेला माणूस, म्हातारं माणूस, गर्भवती, लहान मूल यांना दंड नको, त्यांना फक्त बोल लावावा, पण सफाई मात्र त्यांच्याकडूनच करून घ्यावी. तत्त्व म्हणून हे विलक्षण आहे. दंड हेतूवर आणि परिस्थितीवर अवलंबून, म्हणून तो माफ होऊ शकतो. सफाई वस्तूशी बांधलेली, म्हणून ती कुणालाच माफ नाही. दोष आणि जबाबदारी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कुठे सांगितलं गेलं असेल. पण हाच ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जाळला गेला आणि त्या जाळण्याचा या श्लोकाशी थेट संबंध आहे असं मला वाटतं. ज्याची घाण त्यानं काढावी, हे तत्त्व एका पानावर. आणि घाण काढणं हे काहींच्या जन्माला चिकटवणारी उतरंड बाकीच्या पानांवर. उतरंड जिंकली, श्लोक हरला. पिढ्यान्‌पिढ्या टाकणारे एक राहिले आणि काढणारे दुसरे. म्हणून नाली साफ ठेवा असा धार्मिक उपदेश कुणी करू लागला की ऐकणाऱ्यांपैकी काहींच्या कपाळावर आठी चढते, आणि ती रास्त आहे. हातानं मैला साफ करून घेण्यावर बंदी आणणारा सध्याचा कायदा २०१३ चा आहे. गटारात उतरून मरणाऱ्याच्या कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२३ मध्ये द्यावा लागला. या पार्श्वभूमीवर धर्माचा बोल सफाई करणाऱ्याला लावायचाच नाही. तो टाकणाऱ्याला लावायचा. सिमेंटनं गोठलेली नाली पुढे पहार घेऊन कुणीतरी फोडणार आहे, वास सोसत, वाकून. तो कोण असेल याचा अंदाज गावात कुणालाही करता येतो. घमेलं नालीत रिकामं करणारा माणूस त्या दुसऱ्या माणसाची पाठ आजच वाकवून ठेवतो.

दुसरी हरकत जास्त खोल आहे, आणि ती घेणारा माणूस तत्त्वज्ञानाच्या बाजूनं उभा असतो. पाप हेतूत असतं, तो म्हणेल. मजुराचा हेतू वाईट नव्हता, गुत्तेदाराचाही नसेल. कुणाच्या घरात पाणी शिरावं असं कुणाच्या मनात नव्हतं. बुद्धानं तर चेतनेलाच कर्म म्हटलं आहे. मग चेतनाच नाही तिथे पाप कुठून आणणार? या युक्तिवादाला बौद्ध परंपरेतच उत्तर सापडतं, आणि ते अगदी घरगुती आहे. भिक्खुणींच्या विनयात एक नियम आहे: मलमूत्र, केरकचरा, खरकटं भिंतीपलीकडे किंवा कुंपणापलीकडे फेकू नये. फेकलं तर तो दोष. पण नियमाला अपवाद काय? पाहून टाकलं तर दोष नाही, आणि जिथे कुणाची ये-जा नाही अशा जागी टाकलं तर दोष नाही. म्हणजे दोष पलीकडच्या माणसाला इजा करण्याच्या इच्छेत नाही. न पाहण्यात आहे. भिंतीपलीकडे पाहणं हीसुद्धा चेतनाच आहे आणि ती नसणं ही तटस्थ गोष्ट नाही. जैन विचार हेच आणखी काटेकोरपणे मांडतो. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या आहे तिचा गाभा प्रमाद हा आहे, म्हणजे बेसावधपणा. प्रमादातून झालेला प्राणघात ती हिंसा. त्याच परंपरेत साधूनं पाळायच्या पाच समिती आहेत. चालणं, बोलणं, भिक्षा घेणं या तीन आपल्याला कळण्याजोग्या. चौथी आदान-निक्षेप, वस्तू उचलताना आणि ठेवताना घ्यायची काळजी. पाचवी उत्सर्ग, टाकाऊ गोष्ट कुठे आणि कशी टाकायची याची काळजी. उचलणं, ठेवणं, टाकणं: बांधकामाच्या ठिकाणी दिवसभर दुसरं काय चालतं? आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखना घेतली ते कुंथलगिरी मुरुडपासून फार लांब नाही, शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात आहे. तिथे दर्शनाला जाणाऱ्या व्यापाऱ्याला आदान-निक्षेप समितीचं नाव ठाऊक असतं. आपल्या नव्या दुकानाचा मलबा कुठे पडला हे ठाऊक असेलच असं नाही. अर्थात, हे नियम भिक्खुणींचे आणि साधूंचे आहेत, गुत्तेदाराला कुणी दीक्षा दिलेली नाही, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. गृहस्थाला सूट असते. पण सूट काटेकोरपणात असते, दिशेत नसते. पाहून टाका, एवढं तरी गृहस्थालाही लागू राहतंच.

इथे मीमांसकांची एक कल्पना आठवल्याशिवाय राहत नाही. यज्ञ आज केला, स्वर्ग मरणानंतर मिळणार. मग मधल्या काळात ते फळ असतं कुठे, असा त्यांना प्रश्न पडला. कर्म संपलं पण फळ आलं नाही, तर दोघांना जोडणारं काहीतरी अदृश्य शिल्लक राहत असलं पाहिजे, म्हणून त्यांनी ‘अपूर्व’ मानलं. ते खरोखर असतं का यावर दर्शनकारांनी पुष्कळ डोकं फोडलं आहे. नालीच्या बाबतीत मात्र वादाला जागा नाही. मार्चमध्ये टाकलेलं घमेलं आणि जूनमध्ये घरात आलेलं पाणी यांच्या मधलं अपूर्व ढाप्याखाली निजलेलं असतं. ढापा उचलला की हाताला लागतं. या विलंबामुळेच आपल्याला पाप वाटत नाही. शिवी दिली की समोरचा लगेच लाल होतो. नाली मात्र तीन महिने गप्प बसते.

तिसरी हरकत वाटणीची. एकट्यानं कुठे केलं? मजुरानं दोन घमेली लोटली, मिस्त्रीनं मिक्सर धुतला, गुत्तेदारानं टिप्पर उशिरा पाठवला, अभियंत्यानं मोजमाप पुस्तकात सही केली, घरमालकानं तर रस्ता उंच झाला म्हणून स्वतःच्या दारापुढे उरलेल्या मलब्याचा उतार करून घेतला. एवढ्या जणांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला पाप येतं किती? योगसूत्रांत पतंजलींनी हिंसेसारख्या दोषांचे तीन प्रकार सांगितले आहेत: स्वतः केलेले, करवून घेतलेले आणि अनुमोदन दिलेले. जैन ग्रंथांतही कृत, कारित, अनुमोदित हीच त्रयी आहे. या मांडणीत कुठेही भागाकार नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तिघांनी मिळून केलं म्हणून प्रत्येकाला एक तृतीयांश असं पतंजली म्हणत नाहीत. ते तीव्रतेचे भेद मानतात, सौम्य, मध्यम, अधिक. पण ते ज्याच्या त्याच्या मनाचे भेद आहेत, माणसांच्या संख्येचे नाहीत. मजूर करतो, गुत्तेदार करवतो, सही करणारा अनुमोदतो. आणि ओट्यावर उभं राहून रस्ता कसा गुळगुळीत झाला हे पाहणारे आपण? आपणही तिसऱ्याच रांगेत. मजुराला यातून थोडं बाजूला काढायला हवं, असं माझं मत. रोजंदारीच्या माणसाला मलबा कुठे टाकू असं विचारायची सोय नसते; विचारलं तर दुसऱ्या दिवशी हजेरी मिळेल याची हमी नसते. त्याला संकटात सापडलेल्यांच्या यादीत धरावं. दंड नको. पण जागा दाखवणं हे दाखवणाऱ्याचं काम, आणि त्याच्याकडे असलं कारण नाही.

मुरुडच्या माणसाला या विचारासाठी पतंजलींपर्यंत जायची गरजही नाही. लातूर जिल्ह्याला लागून बिदर जिल्हा, आणि त्यात बसवकल्याण. बाराव्या शतकात तिथे बसवेश्वर आणि शरणांनी कायक या कल्पनेला जो अर्थ दिला तो या भागातल्या लिंगायत घरांतून आजही बोलण्यात येतो: काम हीच पूजा. पण काम हीच पूजा हे वाक्य दुकानाच्या पाटीवर लिहिण्याइतकं गुळगुळीत झालं आहे. त्याची धार पाहायची तर आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची कथा पाहावी. मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणायचा, त्यावर या जोडप्याची पूजा आणि जंगमांचं जेवण चालायचं. एक दिवस त्यानं रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्मानं विचारलं, आज जास्त का? आणि जास्तीचे जिथून आणले तिथे परत टाकून यायला लावले. तिनं चोरीचा आरोप केला नव्हता, तांदूळ वेचलेलेच होते. तिची अडचण अशी की गरजेपेक्षा जे उरलं ते ठेवायची जागा आपलं घर नव्हे. कायक पूर्ण कधी होतं? मिळालं तेव्हा नव्हे, उरलेलं आपल्या जागी गेलं तेव्हा. रस्त्याच्या कामाला ही कसोटी लावली तर रस्ता ओतला गेला त्या दिवशी काम संपत नाही. उरलेली खडी, उकरलेला डांबराचा थर, फुटलेले गट्टू, रिकाम्या गोण्या हे सगळं आपापल्या जागी गेलं की संपतं. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनी तळं खोदवलं, तेही बाराव्या शतकात. अल्लमप्रभू तिथे आले आणि या खोदकामात अडकून पडल्याबद्दल त्यांनी सिद्धरामांना टोकलं, अशी शरणांच्या परंपरेत कथा आहे. बाहेरच्या बांधकामानं मोक्ष मिळत नाही, असं मानणाऱ्याला ही कथा आपल्या बाजूची वाटेल. पण अल्लमांचा रोख होता तो करणाऱ्याच्या मनातल्या मीपणावर. तळं बुजवा असं त्यांनी सांगितलं नाही. ते तळं आजही सोलापूरच्या मधोमध आहे.

खर्चाची हरकत मी थोडक्यात उरकतो. मलबा वाहून न्यायला पैसा लागतो, खरं. अंदाजपत्रकात त्याची तरतूद असेल तर तो न नेणं ही सरळ चोरी आहे आणि तिला तत्त्वज्ञान लागत नाही. तरतूद नसेल तर अंदाजपत्रकच खोटं आहे, कारण मलबा निघणार हे करणाऱ्याला ठाऊक होतं. बाकी उपाय स्वस्त आहेत. ढीग नालीपासून दोन-तीन हात दूर, वर ताडपत्री; नालीच्या तोंडाशी वाळूनं भरलेल्या गोण्या; मिक्सर धुवायला एक खड्डा; रोज संध्याकाळी झाडू. गल्ली अरुंद असेल तर लागेल तेवढंच साहित्य आणायचं.

आता शेवटची हरकत, खास आपल्या भागातली. कोरड्या मुलखात नालीचं एवढं काय कौतुक? लातूरला १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. इथे पाणी तुंबण्याची चिंता करायची म्हणजे उपाशी माणसाला अजीर्णाचं औषध देण्यासारखं. ही हरकत ऐकायला बिनतोड आहे, म्हणून थोडा हिशेब करू. त्या पहिल्या जलदूत गाडीला १० वाघिणी होत्या, एकेका वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे सगळी गाडी साधारण ५ लाख लिटरची. सगळ्या देशानं ती बातमी पाहिली. आता एक हेक्टर वस्ती घ्या, सगळी पत्र्यांची, स्लॅबची आणि सिमेंट रस्त्यांची. तिच्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर पडलेलं पाणी भरतं बरोबर ५ लाख लिटर. एक अख्खी जलदूत, तीनशेहून जास्त किलोमीटर न येता, एका तासात, फुकट, आपल्या डोक्यावर. मराठवाड्यात पाऊस येतो तो असाच, महिनाभर तोंड फिरवून आणि मग एका रात्रीत सगळा. ज्या २०१६ साली रेल्वे आली त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा धरण भरलं. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात लातूर, नांदेड, धाराशिव या जिल्ह्यांनी अतिवृष्टी सोसली. खुली नाली हे पाणी ओढ्याला, ओढा नदीला नेऊन देतो. बुजलेली नाली तेच पाणी सांडपाण्यात मिसळून घराच्या उंबऱ्यावर आणते. पिण्याच्या पाइपलाइनला कुठे गळती असेल तर तिच्यातही शिरवते. तहानलेल्या गावानं पाण्याची वाट अडवणं हा पुराच्या गावानं अडवण्याहून मोठा दोष आहे. ज्याला पाण्याची किंमत माहीत नाही त्याला अज्ञानाची सबब तरी असते. लातूरकडे ती २०१६ पासून उरलेली नाही.

स्वच्छतेचं पुण्य म्हटलं की आपण गाडगेबाबांकडे वळतो, आणि त्यात एक खोच आहे. २३ फेब्रुवारी १८७६ चा जन्म, २० डिसेंबर १९५६ चं निर्वाण. मधली कित्येक वर्षं हा माणूस गावात शिरला की आधी झाडू घेई आणि कीर्तन नंतर करी. शासनानं २००० साली त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, भिंतींवर त्यांची चित्रं आली, हातात झाडू असलेली. आपली सगळी भक्ती त्या झाडूवर जडली. बाबा झाडत असताना जे लोक बाजूला उभे होते, त्यांनी तो कचरा टाकला होता, हे चित्रात येत नाही. साफ करणाऱ्याला संत म्हणणं सोपं आहे, कारण त्यानं आपलं काही अडत नाही. न टाकणाऱ्याला कुणी संत म्हणत नाही. त्याचं काही दिसतच नाही, ना झाडू, ना ढीग, ना फोटो. धर्मानं मोल द्यायला हवं ते या न दिसणाऱ्या गोष्टीला. ढापा उचलल्यावर खाली तळ जसाचा तसा सापडला, इतकंच तिचं रूप.

म्हणून मुरुडच्या आणि मुरुडसारख्या गावांच्या ग्रामसभांना एक विनंती आहे. गल्लीतल्या रस्त्याचं शेवटचं बिल निघण्याआधी शेजारच्या नालीचे ढापे उचलावेत. गुत्तेदार, सही करणारा आणि त्या गल्लीतल्या चार घरांतली माणसं यांनी तळ आपल्या डोळ्यांनी पाहावा, आणि खडी दिसली तर ती ज्याची आहे त्यानं काढून न्यावी. हे मृगाच्या आधी व्हावं.